खुंटीवरचा मृदंग

आषाढ शुद्ध एकादशीच्या रात्री गावोगाव जागर होतो. देवापुढे समई तेवत असते, वीणेकरी वीणा गळ्यात घालून उभा राहतो, टाळकरी दोन्ही अंगांना ओळी धरतात आणि मग मृदंगावर पहिली थाप पडते. ती थाप पडली म्हणजे भजनास आरंभ झाला, असे लहानथोर सारेच समजतात. परंतु ज्या गावात ती थाप टाकणारा हातच उरला नाही, त्या गावाने काय करावे?

हा प्रश्न काही वर्षांपूर्वी आमच्या गोरेगावात आमच्या भजनी मंडळीपुढे उभा राहिला. गोरेगाव हे हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यातले गाव. सोयाबीन, तूर आणि हळद पिकविणारा हा मुलूख. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. पण संतांचे नाते जिल्ह्याच्या हद्दी पाहून जडलेले नसते. नामदेवरायांचे जन्मस्थान म्हणून भाविक ज्या नर्सीला जातात ती कयाधूकाठची नर्सी आमच्या शेजारची, आणि ज्योतिर्लिंग म्हणून पूजिला जाणारा औंढ्याचा नागनाथही आमच्याच जिल्ह्यातला. शेगावच्या गजाननमहाराजांची पालखी पंढरीस जाताना सेनगाव, नर्सी या वाटेनेच पुढे सरकते. अशा भूमीत मृदंग मुका व्हावा, यासारखी दुसरी नामुष्की नाही.

आमच्या मंडळीचा मृदंग एका वृद्ध बुवांच्या हाती होता. पंचाहत्तरीच्या पुढे त्यांच्या हातांस कंप सुटला आणि एका एकादशीस त्यांनी स्वतः होऊन मृदंग देवळातल्या खुंटीला लावला. शिकलेली दोन-तीन पोरे होती. ती कोणी पुण्यास, कोणी संभाजीनगरास पोटामागे गेली. त्या वर्षीची आषाढी नुसत्या टाळांवर गेली. पुढच्या वर्षी कोणीतरी ध्वनिक्षेपक आणला आणि एका नामवंत गायकाचे ध्वनिमुद्रित भजन लावले. गाणे सुरेख होते. पण मंडळी टाळ मांडीवर ठेवून गप्प बसून राहिली. भिंतीशी बसलेल्या बुवांनी तेवढेच म्हटले, "देवाला ऐकवायला आलो होतो, आपणच ऐकत बसलो." त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. आमचे वय तेव्हा सेहेचाळीस होते, व्यवसाय शाळामास्तरकीचा, आणि मृदंगावर आम्ही जन्मात कधी हात ठेवला नव्हता.

कच्चे मडके

दसऱ्याच्या दिवशी नारळ घेऊन आम्ही बुवांकडे गेलो. मनात संकोच पुष्कळ होता. लोक म्हणतील, या वयात हे काय खूळ! त्यात आणखी एक अवघड गोष्ट घडली. त्याच दिवशी आमच्याच शाळेतील सातवीचा एक विद्यार्थीही बुवांपुढे नारळ ठेवण्यास आला होता. ज्याला आम्ही वर्गात उभे करून पाढे म्हणवून घेत होतो, त्याच्या शेजारी मांडी घालून पहिले अक्षर गिरवण्याची पाळी आमच्यावर आली. बुवा हसले आणि म्हणाले, "मास्तर, हितं दोघंबी एकाच इयत्तेत."

त्या वेळी आम्हांस नामदेवरायांची कथा आठवली. ती प्रत्येक वारकऱ्यास ठाऊक आहे. पण तिचा अर्थ कळण्यास अशीच वेळ यावी लागते. तेरच्या गोरोबाकाकांच्या घरी संतांचा मेळा जमला असता मुक्ताईने थापटणे पाहून विचारले, हे कशासाठी? मडके पक्के की कच्चे ते पारखण्यासाठी, असे उत्तर मिळाले. मग काकांनी एकेकाच्या मस्तकी थापटणे मारण्यास आरंभ केला. सारे शांत बसले; नामदेव तेवढे कळवळले, आणि मडके कच्चे ठरले. ज्याच्या हातचा नैवेद्य देव जेवला, त्याला भर सभेत कच्चा म्हटले गेले! त्यानंतर नामदेवराय औंढ्यास विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेले. जेथे देव नसेल तेथे माझे पाय ठेव, असे ते म्हणाले, आणि नामदेवांचे डोळे उघडले, असे कथा सांगते.

या कथेत आम्हांस सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही, की नामदेवराय औंढ्यास गेले. मानसन्मान झालेल्या माणसाने पुन्हा शिष्य होऊन दुसऱ्याच्या दारी जावे, हे सोपे नाही. मोठ्या वयात कोणतीही विद्या आरंभताना माणसास अडवतात ती बोटे नव्हेत. आडवा येतो तो आपला पक्केपणाचा समज. मृदंग या शब्दाचा अर्थही पाहावा. मृद् म्हणजे माती, आणि मातीचे ज्याचे अंग तो मृदंग. आज त्याचे खोड लाकडाचे असते, वारकरी त्यालाच पखवाजही म्हणतात. पण नावात माती राहिली आहे. मडके काय, मृदंग काय आणि माणूस काय, थाप पडली म्हणजेच आतला नाद कळतो.

वाद्याची ओळख

बुवांनी आम्हांस पहिला महिनाभर मृदंग वाजवू दिला नाही. त्याची सेवा मात्र करून घेतली, आणि तीत वाद्याची ओळख झाली. खोडाच्या दोन तोंडांवर शेळीच्या कातड्याच्या पुड्या चढविलेल्या असतात. उजवे तोंड लहान. त्यावर लोहभुकटी आणि खळ यांचे थरावर थर घोटून काळी शाई बसविलेली असते. डावे तोंड मोठे. त्याला धूम म्हणतात. दोन्ही पुड्या चामड्याच्या वादीने एकमेकींस ताणून बांधलेल्या असतात, आणि वादीखाली लाकडी गट्टे सरकवलेले असतात. गट्टे ठोकून ताण वाढविला की स्वर चढतो, सैल केला की उतरतो. काठावरच्या गजऱ्यावर हातोडीचे हलके ठोके देऊन शेवटची बारीक जुळवणी करतात. अलीकडे वादीऐवजी नटबोल्टांनी आवळलेले मृदंगही सर्रास मिळतात. नवशिक्यास ते जुळविण्यास सोपे जातात, आणि त्यात उणेपणा मानण्याचे कारण नाही.

धुमेवर वाजविण्यापूर्वी ओल्या कणकेचा गोळा थापून लावतात. त्याने तेथील नाद खर्ज आणि भरदार होतो. वाजविणे संपले की कणीक काढून कातडे पुसून घ्यावे लागते. तशीच ठेवली तर ती वाळून पुडी खराब होते. एकादशीला आमच्या घरात कोणी गव्हाच्या पिठाला शिवत नाही. तरीही त्या दिवशी आमच्या मंडळींनी मूठभर कणीक मळून वाटीत घालून दिली, आणि म्हणाल्या, "घरात सगळ्यांना उपवास, मृदंगाला तेवढा नाही."

शाईच्या या काळ्या टिकलीचे कौतुक केवळ आपणच करतो असे नाही. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली 'नेचर' या विख्यात नियतकालिकात एका सहकाऱ्यासमवेत भारतीय चर्मवाद्यांवर टिपण प्रसिद्ध केले. साध्या ताणलेल्या कातड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्याचा आवाज नुसता ठोक्यासारखा येतो. परंतु आपल्या मृदंग-तबल्याच्या पुडीवर मध्यभागी भार दिल्यामुळे ते उपस्वर सुसंवादी होतात, आणि म्हणून आपले वाद्य गायकाच्या स्वराशी मिळते, असे त्यांनी दाखविले. पुस्तकी विद्या न शिकलेल्या आपल्या कारागिरांनी हे पिढ्यान्‌पिढ्या हाताने साधले, हे ध्यानी आले म्हणजे वाद्याला पाय लावू नये, त्याला नमस्कार करून बसावे, या रूढीचा अर्थ उमगतो.

आधी मुखात, मग हातात

बुवांचे हात कापत होते, म्हणून ते वाजवून दाखवू शकत नव्हते. ही आम्हांस अडचण वाटली. पुढे तोच लाभ ठरला. ते तोंडाने बोल म्हणत आणि आम्हां दोघांकडून म्हणवून घेत. चौताल हा पहिला पाठ. धा धा, दिं ता, किट धा, दिं ता, तिट कत, गदि गन. मात्रा बारा. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि अकराव्या मात्रेस टाळी, तिसऱ्या व सातव्या मात्रेस हात बाजूला नेऊन खाली दाखवायची. वास्तविक आमचे रोजचे भजन आठ मात्रांच्या ठेक्यात चालते. मग चौताल कशाला, असे आम्ही एकदा धीर करून विचारले. बुवा म्हणाले, "बाराखडी लिहून कुणी पत्र पाठवत नाही मास्तर, पण बाराखडी आल्याबिगर पत्र लिहिता येतं का?" खरोखरच त्या बारा मात्रांत मृदंगाची बहुतेक मूळ अक्षरे येऊन जातात.

दिवाळीनंतर हात वाद्यावर पडला. उजव्या पंजाचा खुला ता, डाव्या हाताचा घुमणारा ग, आणि हे दोन्ही एकाच क्षणी उमटले म्हणजे धा. बोटे जुळवून शाईवर थाप देऊन हात लगेच उचलला की दिं. पंजाच्या दोन भागांनी आळीपाळीने शाईवर दाबून वाजविले की ते आणि टे. धुमेवर डावा तळवा मिटवून ठेवला की क. सांगण्यास एवढेच आहे. परंतु आमच्या धा मध्ये पहिले तीन आठवडे उजवा हात पुढे आणि डावा मागे राही. विद्यार्थ्याचे हात मऊ होते. त्याचे अक्षर दहा दिवसांत सुटे निघू लागले. खडूने आणि कुदळीने आखडलेल्या आमच्या बोटांना ते काही केल्या जमेना. बायाबापड्या जाता-येता थबकून हसत, म्हणून आम्ही पहाटे रानातल्या आखाड्यावर जाऊन बसू लागलो. तेथे ऐकणारे दोन बैल आणि एक गाय. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

एके दिवशी निराश होऊन आम्ही बुवांस म्हटले, हात काही ऐकत नाही. त्यांनी उलट विचारले, "कान ऐकतो का?" आम्ही म्हटले, कान तर सारे ऐकतो, चूक झाली की लगेच कळते. तेव्हा ते म्हणाले, "मग झालं. पोराचा हात पुढं हाय, तुमचा कान पुढं हाय. हात कानामागं येतो, जरा उशिरा येतो."

मोठ्या वयाच्या शिकाऊ माणसाचे हेच खरे भांडवल आहे. चाळीस वर्षे त्याने हरिपाठ ऐकलेला असतो, काकड्यापासून शेजारतीपर्यंत सारी भजने त्याच्या अंगात मुरलेली असतात. सम कोठे येणार हे त्याच्या मानेस ठाऊक असते. ती ओळख पोरांना नव्याने करून घ्यावी लागते. प्रौढास ती आठवावी लागते. उणीव असते ती फक्त बोटांच्या सवयीची, आणि सवय रोजच्या थोड्या बैठकीने लागते. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बसलेले अधिक कामास आले, हा आमचा अनुभव. लय सावकाश धरावी. चूक होणार नाही इतकी सावकाश. मनगट दुखू लागले तर थांबावे. जोर खांद्यातून लावू नये, पंजा आपल्या वजनाने पडू द्यावा. शेजाऱ्यांस उपद्रव होत असेल तर घडी घातलेल्या घोंगडीवर अक्षरे घोटावीत. मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण ऐकावे जरूर, पण त्यास गुरू करू नये. कारण ते आपली चूक ऐकत नाही.

मोठ्यांची परंपरा

या विद्येचे घराणे थोर आहे, आणि त्याची मुळे भजन-कीर्तनातच आहेत. एकोणिसाव्या शतकातील अद्वितीय पखवाजवादक नानासाहेब पानसे हे वाईजवळच्या बावधनचे. काशीस जोधसिंग यांच्याकडे त्यांनी विद्या घेतली आणि पुढे इंदूर दरबारी राहून पानसे घराणे उभे केले. त्याच परंपरेतील आमच्या मराठवाड्याचे शंकरबापू आपेगावकर पद्मश्री किताबाचे मानकरी झाले. आळंदीस १९१७ साली जोगमहाराजांनी वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तेथून शिकून बाहेर पडलेल्या साधकांनी खेड्यापाड्यांत भजन-कीर्तनाची शिस्त नेली. या थोरांची नावे आम्ही येथे घेतो ती त्यांच्याशी तुलना करण्यासाठी नव्हे. गंगेचे पाणी तांब्यात घेतले तरी ते गंगेचेच असते, एवढ्याच भावनेने. आखाड्यावर गिरवलेला आमचा वेडावाकडा धा त्याच धारेतला आहे, हे ध्यानी आले म्हणजे रियाजाला बसताना अंग सावरते.

ती एकादशी

आषाढी आली. दिवसभर झड लागलेली. सर्द हवेने कातडे ओल धरते आणि स्वर उतरतो, हे आम्हांस ठाऊक होते. पण इतका उतरेल असे वाटले नव्हते. पेटीचा षड्ज एकीकडे आणि आमची शाई दुसरीकडे. आम्ही गट्टे ठोकले, गजऱ्यावर हातोडी फिरवली. बुवा भिंतीशी डोळे मिटून बसले होते. ते मधूनच "अजून" म्हणत, आणि शेवटी एकदा "पुरे" म्हणाले. धुमेला कणीक लागली. वीणेकऱ्यांनी आमच्याकडे पाहून मान लवविली.

पहिला गजर, रूपाचा अभंग, सारे ठीक गेले. मध्यरात्रीच्या सुमारास लय चढू लागली. टाळकऱ्यांचे पाय पावलीत पडू लागले. आमच्या छातीत धडधड, हात घट्ट झाले, लय आमच्या हातून पळू लागली, आणि एका वळणावर आमचा ठेका साफ सुटला. मृदंग थांबला. आम्हांस वाटले, आता सारे संपले. परंतु भजन थांबले नाही. देवळातल्या तीसेक टाळांनी लय जशीच्या तशी उचलून धरली; एकाही माणसाने वळून पाहिले नाही. आमच्या शेजारी बसलेला तो सातवीचा विद्यार्थी मांडीवर बोटांनी मात्रा मोजत होता. तो आमच्या कानाशी हळूच म्हणाला, "सर, आता सम." आम्ही डोळे मिटून धा टाकला. तो समेवर पडला, आणि मृदंग पुन्हा भजनात मिसळला.

पहाटे काकडा झाल्यावर आम्ही बुवांच्या पाया पडून चुकीबद्दल क्षमा मागितली. ते म्हणाले, "पडलात, पण समेवर उठलात. त्यालाच वाजवणं म्हणतेत." मग त्यांनी कमरेची हातोडी काढून आमच्या हाती दिली. हात त्यांचा कापत होता. आमचाही कापत होता.

त्या रात्री आम्हांस एक गोष्ट उमजली. इतके दिवस आमची समजूत होती की मृदंग भजनाला चालवितो. तसे नव्हे. भजन सर्वांनी मिळून चालते. मृदंग त्यात एक सेवेकरी. तो चुकला तर टाळ त्याला सावरतात, टाळ चुकला तर मृदंग त्याला वाट दाखवतो. मैफलीतल्या वादकास अशी सावरणारी ओळ मिळत नाही. म्हणून मोठ्या वयात आरंभ करणाऱ्यास भजनासारखी सुरक्षित पाठशाळा दुसरी नाही.

आता खुंटी कोणाची

या गोष्टीस तीन वर्षे होत आली. तो विद्यार्थी आमच्याहून कितीतरी पुढे गेला; त्याच्या हातचे तुकडे ऐकताना आमचे भान हरपते. या जूनमध्ये तो दहावी उत्तीर्ण झाला आणि पुढील शिक्षणासाठी शहरात गेला. त्याने जावेच, गावाच्या भजनासाठी पोराची विद्या अडवून ठेवणे पांडुरंगास आवडणार नाही. परंतु त्याला निरोप देताना आमच्या ध्यानी आले, की खुंटीवर मृदंग गेला तो याच कारणाने. आपण पोरांना शिकवतो, पोरे जातात, आणि आपण म्हणतो की आता वाजवणारे कोणी नाही. मागे राहतो तो चाळिशी-पन्नाशीचा माणूस. शेत त्याचे येथे, घर येथे, देव येथे. तो मात्र म्हणतो, माझे वय गेले.

म्हणून या आषाढीच्या निमित्ताने वाचकांस आमची हात जोडून विनंती आहे. आपल्या गावच्या देवळात एखादा मृदंग खुंटीला लागलेला असेल तर तो खाली घ्यावा. त्याची पुडी फुटली असेल तर कारागिराकडून नवी बसवून घ्यावी. गावात कापऱ्या हातांचे एखादे बुवा असतील तर त्यांच्यापुढे नारळ ठेवावा. हात थकले तरी त्यांचे मुख थकलेले नसते. उशीर मात्र करू नये. लेकीबाळींना व सुनांना वाटेतून दूर करू नये. आता दिंड्यांतून मुलीही मृदंग गळ्यात घालून उत्तम साथ करताना दिसतात, आणि ज्या परंपरेत जनाबाई, मुक्ताबाई झाल्या तेथे थाप स्त्रीची की पुरुषाची हे कोण विचारणार? लोक हसतील, त्यांना हसू द्यावे. हसणाऱ्यांपैकीच कोणी वर्षभराने शेजारी येऊन बसतो, असे आम्ही पाहिले आहे.

सांप्रत आमच्याकडे तसे दोघे येतात. एक त्रेपन्न वर्षांचे शेतकरी, दुसऱ्या दोन मुलांच्या आई. दोघांच्याही धा मध्ये उजवा हात पुढे येतो आणि डावा मागे राहतो. आम्ही त्यांना सांगतो, कान ऐकतो ना? मग झाले.

आमच्या देवळातली ती खुंटी आता रिकामी आहे. ती तशीच रिकामी राहो, एवढेच विठ्ठलचरणी मागणे.